आतून उघडणारे दार : व्यापारी दारे आणि दारसामान यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

दादरा-नगर हवेली म्हटले की मराठी वाचकाला १९५४ चा मुक्तिलढा आठवतो, आणि त्यात सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे उतरले होते हेही आठवते. त्यानंतर तिथे काय उभे राहिले याची चौकशी आपण फारशी केलेली नाही. उभे राहिले ते कारखाने. १९६५ मध्ये सिल्वासाजवळ पिपरियाला सहकारी तत्त्वावर पहिली औद्योगिक वसाहत निघाली. पुढे १९७८ मध्ये मसाटला आणि १९८२ मध्ये खडोलीला सरकारी वसाहती आल्या. करसवलतींच्या ओढीने मुंबई-वापीकडचे उद्योजक दमणगंगेच्या खोऱ्यात आले, आणि जिथे वारली-कोकण्यांची कुडाच्या भिंतींची घरे होती त्या शिवारात पत्र्याच्या शेडी दिसू लागल्या. कुडाच्या घराला बांबूची तट्टी दार म्हणून पुरे. शेडीचे तेवढ्यावर भागत नाही.

खडोलीसारख्या वसाहतीतल्या मध्यम आकाराच्या कारखान्याला एक फेरी मारा आणि यंत्रांकडे न बघता फक्त दारे बघा. पुढे ट्रक आत घेणारे गुंडाळी शटर. शटरच्या पोटातच माणसापुरती कापलेली दिंडी. बाजूला ऑफिसचे काचेचे दार, त्याच्या वर-खाली पॅच फिटिंग आणि जमिनीत गाडलेली फ्लोअर स्प्रिंग. कच्च्या मालाचे गोदाम आणि यंत्रांचा हॉल यांच्यामध्ये आगरोधक दार, बहुतेक वेळा पाचर मारून सताड उघडे ठेवलेले. विजेच्या पॅनेलच्या खोलीला झडपांच्या पट्ट्या असलेले पत्र्याचे दार. स्वच्छतागृहांना पीव्हीसीचे, कँटीनला जाळीचे. आणि मागच्या भिंतीत, कंपाउंडकडे उघडणारे संकटकालीन दार. त्यावर हिरवी पाटी, आणि कडीला कुलूप.

त्या कुलपासाठी हे पुस्तक लिहिले आहे असे म्हटले तरी चालेल.

या विद्येत नव्याने पाऊल ठेवणाऱ्या वाचकाचे स्वागत. तुम्ही कोण असाल याचा आम्हाला अंदाज आहे. स्थापत्याची पदविका घेऊन साइटवर रुजू झालेली मुलगी, दारांच्या दुकानात वडिलांच्या शेजारी गल्ल्यावर बसायला लागलेला मुलगा, लाकडी फळ्या बसवण्यात हयात घालवून आता पत्र्याच्या दारांची कामे घेणारे सुतारकाका, कारखान्याचे सुरक्षा अधिकारी, किंवा आपल्या सोसायटीच्या जिन्याचे दार का कुरकुरते याने हैराण झालेले सेक्रेटरी. या सगळ्यांना एका वर्गात बसवणारे कॉलेज आपल्याकडे नाही. वास्तुरचनेच्या अभ्यासक्रमात दार येते ते आरेखनातल्या कमानीसारख्या रेघेपुरते. सुतारकामाच्या ट्रेडमध्ये येते ते सांध्यांपुरते. अग्निशमनाच्या प्रशिक्षणात येते ते तोडण्यापुरते. बसवणाऱ्याचे दार कोणाच्याच वाट्याला आलेले नाही.

व्यापारी दाराकडे दोन कामे असतात आणि ती एकमेकांच्या मुळावर उठणारी असतात. बाहेरच्याला आत येऊ द्यायचे नाही, आणि आतल्याला बाहेर पडताना अडवायचे नाही. घरी हा झगडा फारसा जाणवत नाही, कारण आत झोपलेल्याच्या उशाशी किल्ली असते. कारखाना, रुग्णालय, नाट्यगृह, मंगल कार्यालय, कोचिंग क्लास, मॉल इथे आत असलेल्या माणसाकडे किल्ली नसते, त्याला इमारत ठाऊक नसते, आणि पुष्कळदा मालकाचा त्याच्यावर विश्वासही नसतो. अशा ठिकाणी एकाच फळीवर चोराला दाद न देणारे आणि पळणाऱ्याला काहीही न विचारणारे सामान कसे बसवायचे, या पेचातून दारसामानाची सगळी विद्या निघाली. पेचाच्या पहिल्या अर्ध्या भागात आपण पिढ्यानपिढ्या तरबेज आहोत. दुसरा अर्धा भाग आपण अजून ऑप्शनला टाकतो.

तरबेज असल्याचा पुरावा पुण्यात उभा आहे. १७३० ते १७३२ या काळात बांधलेल्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यापुढे दाराच्या धंद्यातल्या माणसाने एकदा तरी अर्धा तास घालवावा. हत्तीने मस्तकाची धडक देऊ नये म्हणून नेमक्या त्याच उंचीला लावलेले अणकुचीदार खिळे, अवजड झडपा, आणि रोजच्या जाण्यायेण्यासाठी त्यातच ठेवलेली दिंडी. दिंडीतून येणाऱ्याला वाकावे लागे, आणि वाकलेल्या माणसाला हत्यार उपसता येत नाही. हल्ला कुठून, कोणत्या उंचीवर, किती वजनाने येईल याचा विचार करून केलेले ते दार आहे. आजच्या भाषेत बोलायचे तर धोक्याचे विश्लेषण करून ठरवलेले. पण तीच दिंडी खडोलीच्या शटरमध्ये उतरली तेव्हा प्रश्न उलटा झाला. आता वाकतो तो आतून बाहेर पडणारा, मागून धूर येत असताना, आणि खालच्या लोखंडी पट्टीला पाय अडखळून तो पडला की त्याच्या मागच्या चाळीसांची वाट बंद.

रायगडाच्या हिरकणीची आख्यायिका आपण सगळ्यांनी ऐकली आहे. दिवस मावळला, दरवाजे बंद झाले, घरी तान्हे मूल, आणि ती गवळण कडा उतरून गेली. आपण तिच्या मातृत्वाचे आणि बुरूज बांधवणाऱ्या राजाच्या गुणग्राहकतेचे कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण दारवाल्याच्या नजरेला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. गडाच्या सुरक्षेचा नियम चोख होता, आणि आत अडकलेल्या निरपराध माणसासाठी त्यात काहीच तरतूद नव्हती. गडाला ते परवडते. गोदामाला परवडत नाही.

कुलपांची गोष्टही बाहेरच्याला रोखण्याच्या याच प्रवाहातली. अर्देशीर गोदरेज यांनी वकिली सोडली, शस्त्रक्रियेच्या उपकरणांचा धंदा करून पाहिला, तो जमला नाही. मुंबईतल्या घरफोड्यांविषयीची बातमी वाचून ते कुलपांकडे वळले आणि १८९७ मध्ये लालबागला त्यांनी कुलपे करायला घेतली. अलीगढ आधीपासून या धंद्यात होते. १९०२ पासून गोदरेज तिजोऱ्याही बनवू लागले. लिव्हरचे कुलूप, सिलिंडरचे कुलूप, मास्टर किल्लीची उतरंड हे सगळे या पुस्तकात सविस्तर आले आहे आणि वाचायला मोठे रंजक आहे. तरीही नवख्या वाचकाला आमची विनंती आहे की ते प्रकरण आधी वाचू नका. कुलपाची भुरळ लवकर पडते, आणि मग आयुष्यभर माणूस दाराकडे बाहेरच्या बाजूने बघत राहतो.

आतल्या बाजूचा इतिहास वेगळा आहे आणि तो दु:खद आहे. इंग्लंडमध्ये संडरलंडच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये १६ जून १८८३ रोजी मुलांसाठी जादूचे प्रयोग होते. शेवटी रंगमंचावरून बक्षिसे वाटायला सुरुवात झाली तशी वरच्या सज्जातली मुले जिन्याने खाली धावली. तिकिटे तपासणे सोपे जावे म्हणून खालच्या दाराचा बोल्ट असा लावलेला होता की एका वेळी एकच मूल जाईल एवढी फट राहावी. १८३ मुले गेली. आग नव्हती, धूर नव्हता. नुसता एक बोल्ट होता. या घटनेनंतर रॉबर्ट ब्रिग्ज याने असे दारसामान शोधले की अंगाचा भार पडला तरी दार उघडावे, आणि १८९२ मध्ये त्याचे पेटंट घेतले. आज ज्याला आपण पॅनिक बार म्हणतो त्याचा हा पूर्वज.

अमेरिकेतली शाखा शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरपासून निघते. ३० डिसेंबर १९०३ च्या तिथल्या आगीत ६०० हून अधिक माणसे मेली; बाहेर पडायची दारे होती, पण कित्येकांच्या कड्या लोकांना उघडता आल्या नाहीत. इंडियानापोलिसच्या व्हॉनेगट हार्डवेअर या दुकानातला विक्रेता कार्ल प्रिन्झलर त्या खेळाला जाणार होता, कामामुळे राहिला. त्याने अभियंता हेन्री ड्यूपाँट याला हाताशी धरले आणि १९०८ मध्ये त्यांचा दाबून उघडणारा दांडा बाजारात आला. कादंबरीकार कर्ट व्हॉनेगट हा त्या दुकानाच्या संस्थापकाचा पणतू. दारसामानाचे साहित्याशी इतके जवळचे नाते दुसरीकडे सापडायचे नाही. तीन वर्षांनी, २५ मार्च १९११ ला, न्यूयॉर्कच्या ट्रायँगल शर्टवेस्ट कारखान्यात १४६ कामगार मेले. त्यात बहुसंख्य तरुण मुली होत्या. एक दार कुलूपबंद होते, कारण कामगार माल लपवून नेतील अशी मालकांना धास्ती होती.

हे वाचून ‘तिकडचे, तेव्हाचे’ असे म्हणायची सोय नाही. पुण्यात कोंढव्याच्या एका बेकरीत ३० डिसेंबर २०१६ च्या पहाटे आग लागली आणि आत झोपलेले सहा कामगार गेले. दार बाहेरून बंद होते. उरुळी देवाचीच्या एका साड्यांच्या दुकानात ९ मे २०१९ च्या पहाटे पाच कामगार गेले. तेही बाहेरून लावलेल्या कुलपामागे. दोन्हीकडे शटरने आपले पहिले काम चोख केले होते. चोर आत आला नाही.

कायद्याला हे माहीत नव्हते असे नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या मूळ कलम ३८ मध्येच लिहिलेले होते की खोलीत माणूस असताना बाहेर पडायचे दार आतून चटकन उघडता येणार नाही असे बंद करू नये, आणि सरकते नसेल तर ते बाहेरच्या बाजूला उघडणारे असावे. राष्ट्रीय इमारत संहितेचा चौथा भाग तर दारांविषयी फार बारकाईने बोलतो. निर्गमनाचे दार किमान १००० मिलीमीटर रुंद, जिथे लोक जमतात अशा इमारतीत २०००, उंची किमान २०००. ज्या बाजूच्या लोकांसाठी ते आहे त्या बाजूने किल्लीशिवाय उघडणारे. उघडल्यावर जिन्याची वाट न अडवणारे. आणि वर गुंडाळणारे किंवा सरकणारे दार निर्गमन म्हणून चालणार नाही. म्हणजे शटर कितीही रुंद असले तरी सुटकेच्या हिशेबात ते भिंतच आहे. नियम सोपा आहे. तरी नकाशावर शटरला ‘एक्झिट’ म्हटलेले रोज दिसते, आणि वाचकाने पहिल्या दिवसापासून त्यावर लाल रेघ मारायची सवय लावून घ्यावी.

आता दार म्हणजे काय ते ठरवू. दुकानात दार म्हणजे फळी. कंत्राटदाराच्या बिलात दार म्हणजे चौरस फूट. आमच्या लेखी दार म्हणजे चौकट, फळी, बिजागऱ्या, लॅच किंवा पॅनिक बार, दार आपोआप मिटवणारा क्लोजर, धूर अडवणाऱ्या पट्ट्या, काच असेल तर काच, आणि ज्या भिंतीत ते उभे आहे तिचा सांधा, इतक्यांचा मिळून संच. आगरोधक दारांसाठीचे भारतीय मानक आय. एस. ३६१४, ज्याची सुरुवात १९६६ ची आणि अलीकडची सुधारणा २०२१ ची, तेही दाराला संच म्हणूनच बघते. भट्टीत तपासतात तो संच. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेत किंवा दुसऱ्या प्रयोगशाळेत जे दार दोन तास टिकले, त्याच्या बिजागऱ्या, त्याची काच, त्याचा क्लोजर या सगळ्यांसकट ते टिकले. साइटवर कोणी ‘हा क्लोजर महाग पडतो, दुसरा लावा’ म्हणाला की फाइलमधल्या प्रमाणपत्राचा त्या दाराशी संबंध संपतो. प्रमाणपत्र मात्र फाइलमध्येच राहते, आणि तपासणीच्या दिवशी तेच दाखवले जाते. या धंद्यातली सर्वांत मोठी लबाडी हीच, आणि ती बहुतेक वेळा कोणाच्या मनात लबाडी नसतानाच घडते.

संच ठरतो तो दारांच्या तक्त्यात. प्रत्येक दाराला क्रमांक, माप, उघडण्याची दिशा, आगरोधनाची मिनिटे, आणि सामानाच्या संचाचा क्रमांक. कंटाळवाणा कागद आहे हे मान्य. पण दोनशे दारांच्या रुग्णालयात डाव्या-उजव्याची एक चूक वीस दारांवर छापली जाते. डावे-उजवे कोणत्या बाजूने बघून म्हणायचे, यावर पुरवठादार आणि सुतार यांच्यात एकमत असेल असे धरून चालू नये. तक्त्यात बाणाचे चित्र काढावे आणि दोघांची सही घ्यावी.

बसवण्याचे काम जवळून बघू, कारण अभ्यास इथेच खरा सुरू होतो. समजा, गोदामाच्या भिंतीत दोन तासांचे पत्र्याचे दार लावायचे आहे. फळीची जाडी ४६ मिलीमीटर, आत भरणा, चौकट १.६ मिलीमीटर जस्ती पत्र्याची. कारागीर आधी भिंतीकडे बघत नाही, लेव्हलच्या रेघेकडे बघतो. साइटवर जमिनीपासून ठरलेल्या उंचीवर भिंतीभर मारलेली ती रेघ, जिच्यावरून फरशी कुठे संपणार ते कळते. फरशी अजून पडलेली नसते. रेघ चुकली किंवा मागाहून मालकाने जाड दगड निवडला की दार खाली घासणार. लाकडी फळीला रंधा मारता येतो. पत्र्याच्या दाराला मारता येत नाही, आणि खालून कापले तर ते आगरोधक राहत नाही. पत्र्याच्या दाराकडे आलेले सुतारकाका पहिला धडा हाच शिकतात की इथे चूक मागून निस्तरता येत नाही.

मग चौकट उभी राहते. ओळंबा दोन्ही अंगांनी लावायचा, भिंतीच्या सपाटीत आणि तिच्या आरपार, कारण एकच बाजू धरली तर चौकट पिळते आणि फळी एका कोपऱ्यात टेकते. दोन कर्णांची मापे सारखी आली की गुण्या बरोबर. अँकर फास्टनर मारून झाल्यावर चौकटीची पोकळी मसाल्याने गच्च भरायची. ही पायरी गाळली तर कोणालाही दिसत नाही. चौकट रिकामी असल्याचे हाताने ठोकल्यावर आवाजावरूनच कळते. भरताना चौकट आत दाबली जाऊ नये म्हणून मध्ये लाकडी आडवे टेके द्यावे लागतात, आणि ते दुसऱ्या दिवसापर्यंत काढायचे नाहीत. संध्याकाळी कोणीतरी ते काढून चहाच्या चुलीत घालतो, हे गृहीत धरून दोन जास्त आणावेत.

फळी टांगताना वाद होतो तो तिसऱ्या बिजागरीचा. जुना हात ती मधोमध लावतो, कारण लाकडी फळी वाकू नये म्हणून मधला आधार लागायचा. पत्र्याची जड फळी वाकत नाही, ती वरच्या बिजागरीला चौकटीपासून ओढते. म्हणून तिसरी वरच्या बिजागरीच्या खाली जवळच लावणे शहाणपणाचे. दोन्ही बाजूंना कारणे आहेत. कारागिराला कारण विचारा, तो फक्त ‘असेच लावतात’ म्हणाला तर मात्र थांबवा. फळी आणि चौकट यांच्यातली फट बाजूला आणि वर साधारण तीन मिलीमीटर. फटीत बसवलेली पट्टी उष्णतेने फुगते आणि धुराची वाट बुजवते. फट सहा मिलीमीटर झाली तर ती फुगूनही पुरत नाही. रंगकाम करणारा हमखास याच पट्टीवर ब्रश फिरवतो.

क्लोजरला आम्ही स्वतंत्र प्रकरण दिले आहे, कारण त्याच्याइतके दुर्लक्षित आणि त्याच्याइतके कामाचे दुसरे सामान नाही. आगरोधक दार बंद असेल तरच आगरोधक. ते बंद करणारा माणूस पळून गेलेला असतो, म्हणून हे काम यंत्राला दिले. युरोपीय मानक ई. एन. ११५४ क्लोजरची ताकद एक ते सात अंकांत मोजते; सुमारे ९५० मिलीमीटर रुंद आणि ६० किलोच्या दाराला तीन क्रमांक, ११०० मिलीमीटर आणि ८० किलोला चार; आगरोधक दाराला तीनपेक्षा कमी चालतच नाही. बाजूला छोटे स्क्रू असतात, एक दार किती वेगाने यायचे ते ठरवतो, दुसरा शेवटच्या दहा-पंधरा अंशांत लॅच पकडेल एवढा धक्का देतो. पाव फेरा पुरतो. बसवणारा घाईत दोन फेरे देतो, तेल गळू लागते, दार धाडकन आपटते, लोक वैतागून पाचर मारतात. गोदामाच्या दाराखालच्या प्रत्येक पाचरीमागे असा एखादा स्क्रू असतो. म्हणून पाचर दिसली की पाचर मारणाऱ्यावर ओरडण्याआधी क्लोजर तपासावा. दार दिवसभर उघडेच ठेवावे लागत असेल, ट्रॉल्या जात असतील, तर विद्युतचुंबकाने धरून ठेवायचे आणि आगीचा गजर झाला की सोडायचे, हा सरळ उपाय आहे. तो सुचवायला कोणी नसते इतकेच.

दादरा-नगर हवेलीतल्या औषधनिर्मितीच्या कारखान्यांत क्लोजरची आणखी एक परीक्षा होते. स्वच्छ खोल्यांत हवेचा दाब शेजारच्या खोलीपेक्षा मुद्दाम वेगळा ठेवलेला असतो. दाबाविरुद्ध मिटणारे दार अर्धवट थांबते, दाबाच्या दिशेने मिटणारे आपटते. शिवाय एक दार उघडे असेल तर पुढचे उघडू नये अशी जोडणी असते, आणि आग लागली की तीच जोडणी मोडावी लागते. इथे दार पुरवणारा, वातानुकूलनवाला आणि वायरिंगवाला तिघे एका टेबलाशी बसले नाहीत तर काम होत नाही. बहुतेक ठिकाणी ते कारखाना सुरू झाल्यावर प्रथम भेटतात.

विजेच्या कुलपांचे मर्म एका प्रश्नात आहे. वीज गेली तर दार उघडे पडते की बंद राहते? चुंबकी कुलूप, साधारण २८० किलोंची पकड असलेले, वीज गेली की सुटते. काही विद्युत स्ट्राइक, म्हणजे लॅच जिच्यात अडकते ती चौकटीतली विजेवर चालणारी खाच, उलटे वागतात, वीज गेली की बाहेरून बंदच. दोन्हींना जागा आहेत. पैशांच्या खोलीला दुसरे, जिन्याच्या दाराला पहिले, आणि दोन्हींच्या आतल्या बाजूला साधी मूठ फिरवून बाहेर पडण्याची सोय. बोटांचे ठसे आणि चेहरे ओळखणाऱ्या यंत्रांच्या जाहिरातींत आत कोण येणार याचे वर्णन पानभर असते. बाहेर कसे पडायचे ते माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर, बारीक टायपात. खरेदीच्या बैठकीत ते पान आधी उघडावे.

बाजाराविषयी थोडे. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या टिंबर मार्केटात दारसामान किलोवर, डझनावर आणि ओळखीवर मिळते. मोठ्या प्रकल्पांचे सामान निविदेवर. दोन्हीकडे बिजागरीची किंमत विचारली जाते, तिने किती वर्षे किती वजन उचलायचे हे विचारले जात नाही. दमणगंगेकाठचा पावसाळा आणि कारखान्यातल्या रसायनांच्या वाफा यांत साधे लोखंडी सामान किती तग धरेल ते त्या हवेत राहणाऱ्याला सांगावे लागत नाही, पण दरपत्रक मागवणारा बहुधा मुंबईत बसलेला असतो. पुरवणारा एक, बसवणारा दुसरा, आणि वर्षभराने दुरुस्तीला येणारा तिसरा, अशी आपल्याकडची रीत आहे. पुरवठा आणि बसवणी एकाच हाती द्यावी असे आमचे ठाम मत आहे, आणि ते महाग पडते हेही आम्हाला ठाऊक आहे. बसवणाऱ्या कारागिरांपैकी अनेकजण बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेले. कंपनीची पुस्तिका इंग्रजीत. हे पुस्तक मराठीत लिहिताना आम्ही आकृत्या अशा काढल्या आहेत की अक्षर न वाचताही काम कळावे. त्या फाडून साइटच्या भिंतीला चिकटवल्या तरी आमची हरकत नाही.

काही गोष्टी घेतलेल्या नाहीत. लिफ्टची दारे नाहीत. त्यांचे कायदे आणि निरीक्षक निराळे. विमानांच्या हँगरची प्रचंड सरकती दारे नाहीत, कारण ती बसवलेला माणूस आमच्यात कोणी नाही. फिरती दारे थोडक्यात आली आहेत. बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबात १९४२ मध्ये अशाच एका दारात माणसे अडकून वाट बंद झाली, त्या आगीत ४९२ जण गेले, त्यानंतर फिरत्या दाराच्या दोन्ही अंगांना साधी दारे ठेवायचा दंडक आला, तो तिथे सांगितला आहे. व्हीलचेअरवरच्या माणसाला पेलेल एवढ्याच जोराने उघडणारे आणि तरीही आगीसाठी घट्ट मिटणारे दार, हा प्रश्न आम्ही मांडला आहे, पुरता सोडवलेला नाही. मूठ गोल नको, दांड्याची हवी, एवढ्यापर्यंत सगळ्यांचे जुळते, पुढे क्लोजरच्या ताकदीवरून आमच्यातच भांडण आहे, आणि सातव्या प्रकरणात ते दोन्ही बाजूंनी छापले आहे.

वाचायचा क्रम तुम्ही तुमचा ठरवा, पण बिजागरी आणि क्लोजर ही प्रकरणे आधी घ्या, कुलूप नंतर. सोबत मोजपट्टी, गुण्या, ओळंबा आणि तीन मिलीमीटर जाडीची एखादी पट्टी असू द्या. पहिल्या प्रकरणाआधी जवळच्या कोणत्याही इमारतीचे मागचे दार गाठा आणि आतून, किल्ली न मागता, एका हाताने उघडून बघा. उघडले नाही तर वॉचमनला चावी कोणाकडे असते ते विचारा, आणि तो माणूस रात्री अकरा वाजता कुठे असतो तेही.